उकिरड्यानं परत केलेला सदरा

टेरिलीनला इस्त्री लागत नाही, हे मला कुणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं. गावात सगळ्यांना ठाऊक होतं म्हणे. धुवा, झटका, दोरीवर टाका, तासाभरात अंगात घाला, हीच तर त्या कापडाची कीर्ती. पण घरातल्या सुनेला असल्या गोष्टी कोण सांगत बसतंय? माझी शाळा चौथीत सुटली. त्यापुढचं वाचन सगळं वाण्याच्या पुड्यांच्या कागदावर झालं, आणि इस्त्रीबद्दलचा कागद काही माझ्या वाट्याला आला नाही.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती, विहिरीला पाणी होतं, ऊस पुन्हा उभा राहिला होता. गाव रहिमतपूरच्या अलीकडचं. आमचे हे पलटणीत. एका सुट्टीला येताना त्यांनी वडिलांसाठी फिकट आकाशी रंगाचं टेरिलीनचं कापड आणलं. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची. मामंजींनी पेठेतल्या शिंप्याकडून त्याचा सदरा शिवून घेतला, दोन खिशांचा आणि ताठ कॉलरीचा. आमच्या आळीतलं ते पहिलं टेरिलीन. मामंजी त्याला सदरा म्हणतच नसत. "माझं टेरिलीन काढा गं," म्हणत, जसा काही आतल्या खोलीत कुणी पाहुणा बसलाय आणि त्याला बाहेर बोलवायचंय.

आणि सदरा घालून चावडीपाशी गेले की भेटेल त्याच्यापुढं हात करायचे.

"चुरगळ की. चुरगळून बघ."

"नगं तात्या, उगं कशाला."

"आरं चुरगळ म्हंतोय न्हवं!"

समोरचा भीत भीत बाही मुठीत दाबायचा, सोडायचा, आणि कापड परत होतं तसं. आळीतल्या निम्म्या बाप्यांनी मामंजींची बाही चुरगळून बघितली होती. एवढं बघूनही मला कळू नये की ह्या कापडाला इस्त्री नको! पण मी कुठं बघितलं होतं? बायका चावडीवर जात नव्हत्या.

मार्गशीर्षात कराडला सोयऱ्यांकडं लग्न निघालं. उद्या पहाटे निघायचं, आणि टेरिलीन आज धुऊन वाळलेलं. मला वाटलं, पाहुण्यांत जायचंय, कडक इस्त्री करून द्यावी, मामंजी खूश होतील. घरात इस्त्री नव्हती. आमच्याकडं पितळी तांब्यात चुलीतले निखारे भरायचे आणि त्याचं बूड कापडावरून फिरवायचं, अशी पद्धत. धोतराला, लुगड्याला ती चालायची. मी घोंगडं अंथरलं, त्यावर सदरा बटणं सोडून, पल्ले दोन्ही बाजूंना पसरून पालथा घातला, तांब्या भरला आणि पाठीच्या मधोमध ठेवला.

सुती कापड जळतं तेव्हा आधी पिवळं पडतं, वास येतो, सावध व्हायला वेळ देतं. ह्यानं काही दिलं नाही. तांब्या सरकेना म्हणून उचलला, तर पाठीचा गोल तुकडा तांब्याबरोबरच उठून आला. जळालं नव्हतं, वितळलं होतं. तांब्याच्या बुडाएवढं भोक, आणि भोवती कडक काळपट कड. त्या भोकातून खालचं घोंगडं माझ्याकडं बघत होतं.

मामंजी मळ्यात होते. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, शेजारी मिरच्या निवडायला गेलेल्या. खरं सांगून टाकायची बुद्धी मला झाली नाही. लग्नाला तीन वर्षं झालेली, पदरात आठ महिन्यांचं मूल, आणि नवरा तिकडं लांब बर्फात. मी सदऱ्याचा बोळा केला आणि परड्यात उकिरड्याकडं पळाले.

आता उकिरडा म्हणजे काय, हे ज्यांनी फक्त नाक दाबून बघितलंय त्यांना सांगायला पाहिजे. आमचा उकिरडा पुरुषभर खोल खड्ड्यातला. शेण, गोठ्यातलं मूत, चुलीची राख, उसाचं पाचट, फाटकी वाकळ, मेलेली कोंबडी, सगळं त्यात जायचं आणि उन्हाळ्यात काळंभोर, भुसभुशीत खत होऊन निघायचं. थंडीत सकाळी त्यातनं वाफ निघायची. वरचा थर बाजूला करून हात खुपसला तर चटका बसेल अशी आत ऊब. दिवाळीला आम्ही देवापुढं लावायच्या आधी एक पणती उकिरड्यावर नेऊन ठेवायचो, इतका त्याचा मान. आत्याबाईंचं जुनं लुगडं एका पावसाळ्यात असं जिरलं होतं की चिंधीसुद्धा घावली नाही. "ह्यात माणूस घातला तरी चैताला त्याचं खतच निघंल," हे खुद्द मामंजींचं बोलणं. मी त्यांच्याच बोलण्यावर भरवसा ठेवला, हे लक्षात घ्या. हात कोपरापर्यंत घालून सदरा खोल दाबला, वरून चार पाट्या शेण टाकलं आणि हात धुतले.

संध्याकाळी मामंजी आले, आत्याबाईही परतल्या. "टेरिलीन काढा गं."

मी तोंड उघडलं आणि तोंडातनं म्हैस बाहेर आली.

"आत्याबाई, मामंजीस्नी सांगा, म्हशीनं खाल्लं. दोरीवरनं ओढलं. मी येईस्तवर गिळलं बी."

दोरी गोठ्याला लागून, म्हैस दोरीला लागून. जनावरं कापडं चघळतात हे सगळ्यांना माहीत. इतकं बेमालूम जमलं की माझं मलाच क्षणभर खरं वाटलं. पण ती म्हैस कुठली होती ऐका. ती माझ्या माहेरची, सांगलीकडची. माझ्या बाळंतपणानंतर पोराला दूध हवं म्हणून वडिलांनी स्वतः दोन दिवस चालवत आणून आमच्या दावणीला बांधली होती. जाताना मला म्हणाले होते, "ही तुझी पाठराखीण बरं का बाई." म्हणजे नव्या नवरीबरोबर सासरी सोबतीला येते ती. माझ्याशिवाय कुणाला ती धार काढू द्यायची नाही. आणि मी तिचंच नाव घेतलं.

मामंजी मट्कन पायरीवर बसले. मला वाटलं सदऱ्याचं दुःख. पण ते आत्याबाईंना म्हणाले, "कापाड पोटात बसलं तर जनावर मरतंय गं." आणि उठून पळत एरंडीचं तेल आणायला गेले.

मग त्या बिचारीची जी आबाळ झाली! चार गड्यांनी धरली, बांबूच्या नळीनं तेल पाजलं. ती माझ्याकडं बघून हंबरायची, मी चुलीतला धूर डोळ्यात गेल्यासारखं करायची. नंतर आठ दिवस मामंजी हातात काठी घेऊन गोठ्यात उभे. पो पडला की काठीनं उस्कटून बघायचे. शेजारपाजारचे येता-जाता विचारायचे.

"काय तात्या, टेरिलीन आलं का?"

"न्हाई अजून."

"बटनं तरी?"

"एक बी न्हाई."

कराडच्या लग्नाला मामंजी जुनाच मांजरपाटाचा सदरा घालून गेले आणि सगळ्या मांडवाला म्हशीची गोष्ट सांगून आले.

म्हैस मेली नाही, मरायचं कारणच नव्हतं. पण मामंजींच्या मनात बसलं. एकदा कापडाची चव लागली की जनावर सोडत नाही, आज वाचलं, उद्या दावणीला मरून पडेल, त्यापेक्षा धड आहे तोवर विकलेलं बरं, असं ते म्हणू लागले. आत्याबाई आडव्या आल्या. "आवं, पोराच्या तोंडचं दूध हाय त्ये. तोंडाला मुसकं बांधा, पर ठिवा." म्हणून तिच्या तोंडाला सुताडीची जाळी बांधली. वैरण खातेवेळी तेवढी काढायची. ती मुसकं बांधलेली रोज धारेच्या वेळी मान वळवून माझ्याकडं बघायची. तुम्ही म्हणाल जनावराला काय कळतंय. बरं, तुम्ही बसा तिच्यापुढं.

त्या दिवसांत आत्याबाई एकदा पितळी तांब्या घासता घासता म्हणाल्या, "ह्याच्या बुडाला काय चिकटलंय गं? राखंनं निघंना, चिंचंनं निघंना."

"गूळ असंल, आत्याबाई."

"गूळ," आत्याबाई म्हणाल्या. एवढंच.

चैत्रात उकिरडा उपसायला काढला. बैलगाड्या लागल्या. दोन गडी फावड्यानं खत ओढत होते, मी पाटी भरून देत होते. मी निर्धास्त होते बघा. चार महिने झाले, लुगडं जिरतं तिथं सदरा काय! आणि दुसऱ्याच गाडीला काळ्या खतात आकाशी काहीतरी चमकलं.

बाही होती. नुसती बाही! सदऱ्यापासून सुटून एकटीच निघालेली, सगळ्या अंगाला खत, पण झटकल्यावर आतनं तशीच्या तशी आकाशी. मी ती पदराखाली घेतली. मला कळेना, सदऱ्याची बाही कुणी उसवली? तेवढ्यात पाठीचा भाग आला, मधल्या गोल भोकासकट. तोही पदराखाली. पोट आलेल्या बाईसारखी मी घरात गेले, दोन्ही तुकडे कणगीमागं कोंबले आणि परत आले. येते तर मामंजी उकिरड्याच्या काठावर उभे. त्यांच्या हातात कॉलर. आणि आमच्या कोंबड्या खतातली बटणं टिपत होत्या आणि टाकत होत्या.

ते कसं झालं, हे मला परवा-परवा कळलं. माझी नात शिकलेली, प्लास्टिकच्याच अभ्यासात आहे. तिला ही गोष्ट सांगितली तर ती हसता हसता म्हणाली, "आजी, दोरा सुती होता." कापड टेरिलीनचं, पण शिंप्यानं शिवलेलं साध्या सुती दोऱ्यानं. कापूस जंतूंच्या ओळखीचा, किती युगं ते असली झाडपाल्याची वस्तू खात आलेत. त्यांनी सगळा दोरा खाल्ला, कॉलर ताठ ठेवणारं आतलं सुती बकरम खाल्लं, आणि टेरिलीनला तोंड लावून बघितलं असेल तर सोडून दिलं. त्याच्या साखळ्या लांबच लांब, घट्ट, तोडायला दातच नाहीत कुणाकडं. म्हणून सदरा शिंप्यानं बेतला होता तसा परत सुटा झाला.

आता नातीचे लोक त्याच जातीतलं, पॉलिस्टरच, पण विरणारं करतात म्हणे. आणि एक तर उसाच्या साखरेपासून! साखर आंबवायची, त्यातनं दह्यात असतो तसला आंबटपणा काढायचा आणि त्याची माळ ओवायची. ही माळ अशी की ओल आणि ऊब मिळाली की आधी पाण्यानंच तिचे तुकडे पडतात, ते बारीक झाले की मग जंतू येऊन खातात, आणि शेवटी उरतं पाणी, हवेत जाणारा वायू आणि थोडं खत. मी म्हटलं, दाखव. तिनं तसली एक पिशवी दिली. मी ती कढीपत्त्याखाली पुरली. वर्षानं उकरली तर पिशवी जशीच्या तशी, वाटलं तर बाजारात न्यावी. नातीला फोन करून म्हटलं, तुझं आणि माझं टेरिलीन एकच. ती म्हणाली, "आजी, कढीपत्त्याखाली थंड असतं. काही जाती साध्या मातीत विरतात, पण हिला उकिरड्याच्या पोटातली ऊब लागते." मग शेजारच्या गोठ्यातल्या खताच्या ढिगात तीच पिशवी घातली. चार महिन्यांनी गेले तर खरंच नाही. मी काठीनं उस्कटून उस्कटून बघितलं, अगदी मामंजींसारखं. तेव्हा मला वाटलं, हे कापड चाळीस-पन्नास वर्षं आधी निघालं असतं तर माझी अब्रू वाचली असती.

असो. मामंजींच्या हातात कॉलर आहे.

मला वाटलं, संपलं. ते कॉलर उलटीपालटी करून बघत होते. मग त्यांनी फावडं घेतलं आणि स्वतः खत ओढायला लागले. दुसरी बाही निघाली, छातीचे दोन्ही पल्ले निघाले, खिसे वेगळे निघाले. सगळं बादलीत बुचकळलं, झटकलं. एक सुरकुती नाही! आणि मामंजींचा चेहरा उजळत गेला.

"आगं ये, इकडं या समदी! म्हशीनं सोडलंय! शेणातनं गेलंय आन आमाला दिसलं न्हाई! बघा, म्हशीच्या पोटातनं जाऊन आलंय, आन रंग बी उडला न्हाई!"

त्यांचंही चुकलं नाही म्हणा. उकिरड्यात जे जातं ते बहुतेक म्हशीच्या मागूनच जातं. आळी लोटली. तुकडे काथ्याच्या दोरीवर ओळीनं वाळत घातलेले, आणि मामंजी प्रत्येकाला म्हणतायत, "चुरगळ की. चुरगळून बघ." आता मात्र कुणी हात लावीना.

एक म्हातारा म्हणाला, "पर तात्या, पाठ कुठाय?"

"आजून पोटातच असंल," मामंजी म्हणाले, आणि त्यांच्याच तोंडून हे निघाल्यावर त्यांचा चेहरा पडला. सगळे गोठ्याकडं बघायला लागले. म्हैस मुसक्यातनं आमच्याकडं बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जनावरांचा दलाल, आमच्याकडं हेडी म्हणतात, ओसरीवर येऊन बसला. पाठ पोटात आहे म्हणजे म्हैस आज ना उद्या जाणार, मामंजींचं पक्कं झालं होतं. हेड्यानं तिचे दात बघितले, कास बघितली, शेपटी ओढून बघितली. तिनं मान वळवून मला शोधलं.

मी चुलीपाशी होते. चहाचं पाणी उकळून उकळून अर्धं झालं, तरी हात हलेना. माझ्या वडिलांची दोन दिवसांची पायपीट, माझ्या लेकराचं दूध, आणि ती हेड्याच्या दोरीला जाणार एका तांब्यापायी. मी कणगीमागून पाठ काढली. पण सून सासऱ्यापुढं अशी जाऊन बोलत नव्हती तेव्हा. मी माजघराच्या दाराआड उभी राहिले आणि आत्याबाईंना हळूच म्हटलं, "मामंजीस्नी आत बोलवा. म्हणावं, काम हाय."

मामंजी आत आले. मी दाराआड, ते दाराच्या पलीकडं, मध्ये आत्याबाई.

"आत्याबाई, त्यांस्नी सांगा, म्हशीनं सदरा खाल्ला न्हाई."

"ती म्हंती, म्हशीनं सदरा खाल्ला न्हाई."

"मग काय हिनं खाल्ला?"

"इस्त्री करताना माझ्या हातनं जळाला म्हणावं. मी उकिरड्यात पुरला."

"हिनं इस्त्री क्येली म्हंती."

"टेरिलीनला?" मामंजी असे ओरडले की बाहेर ओसरीवर हेडी दचकला असेल. मला वाटतं, त्यांना लपवल्यापेक्षा टेरिलीनला इस्त्री केल्याचाच जास्त धक्का बसला. "आगं, त्येला इस्त्री लागत न्हाई, हीच तर त्येची..."

मी दाराआडून पाठ पुढं केली. आत्याबाईंनी ती घेतली, वळल्या, फडताळावरचा पितळी तांब्या आणला आणि त्याचं बूड त्या भोकावर ठेवलं. तंतोतंत.

"हा बघा गूळ," आत्याबाई म्हणाल्या. माझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मुसकं बांधून म्हैस का ठेवायला लावली होती, तेही मला तेव्हाच कळलं.

मामंजी भोकाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. रागानं नव्हे. ते हिशेब करत होते की गावात आता काय तोंड दाखवायचं. काल संध्याकाळपर्यंत ही बातमी कोरेगावपर्यंत पोचली होती, त्यांनीच पोचवली होती. शेवटी ते दबक्या आवाजात म्हणाले, "म्हस ऱ्हाईल. पर ह्यातलं एक अक्षर भायेर गेलं, तर बघा. सदरा म्हशीनंच खाल्लाय. समजलं का?"

"समजलं का गं?" आत्याबाई माझ्याकडं वळून म्हणाल्या.

मामंजी बाहेर गेले. मी दाराच्या फटीतून ऐकत होते.

"पावनं, म्हस काय देत न्हाई आमी."

"का वं? कालपत्तूर तर..."

"टेरिलीन पचीवलेलं जनावर हाय. असली ताकद इकत्यात व्हय?"

"पचीवलं कुठं तात्या? जसंच्या तसं भायेर आलं की."

"मग अब्रूनं भायेर काढलं म्हणा की. च्या घ्या."

त्याच दुपारी तिचं मुसकं सुटलं. सदरा शिंप्यानं परत जोडून दिला, पाठीला दुसऱ्या कापडाचा गोल तुकडा लावून. वरून जाकीट घातलं की काही दिसत नसे. मामंजींनी तो पुढं कितीतरी लग्नांत मिरवला आणि दर लग्नात म्हशीच्या पोटातला प्रवास थोडा वाढत गेला.

पण खरी गंमत पुढंच झाली. मुसकं सुटून चार दिवस झाले असतील. मी आंघोळीचं पाणी काढत होते, वळून बघते तर मामंजींचं धुतलेलं उपरणं दोरीवरून गायब, आणि म्हशीच्या तोंडातून त्याची दशी लोंबतेय. मी पळत जाईपर्यंत तीही आत गेली. खरंच खाल्लं हो! सुती होतं, ते तिला जिरलंही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, कधीच काही बाहेर आलं नाही, तिला साधं पोटही दुखलं नाही.

मामंजी आंघोळ करून आले. रिकाम्या दोरीकडं बघितलं, म्हशीकडं बघितलं. मग माझ्याकडं. आणि आयुष्यात पहिल्यांदा, मध्ये आत्याबाईंना न घेता, सरळ मला विचारलं, "आता काय जाळलंस?"

म्हैस रवंथ करत माझ्याकडं बघत होती.

"उपरणं, मामंजी," मी म्हटलं. "चुलीपाशी वाळत घातलं हुतं. माझ्याच हातनं जळालं."